पीएलसीचे सॉफ्टवेअर नेमके कोणासाठी? : पार्श्वभूमी

पीएलसीच्या (कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या कंट्रोलरच्या) प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरविषयी आज ज्या तक्रारी ऐकू येतात, त्या बहुतेक त्याच्या अवजडपणाच्या असतात. इन्स्टॉलेशनमध्ये अर्धा दिवस मोडतो, आवृत्ती जुळत नाही, परवाना कोणत्या लॅपटॉपवर आहे ते कोणाला आठवत नाही. तक्रारी खऱ्या आहेत, पण पडद्यावरच्या मेनूंत आणि चिन्हांत त्यांचे मूळ शोधून फारसे काही हाती लागत नाही. हे सॉफ्टवेअर यंत्राची आखणी करणाऱ्या अभियंत्यासाठी आहे, की ते यंत्र बंद पडल्यावर पॅनेलचे दार उघडून उभ्या राहणाऱ्या मेन्टेनन्सच्या माणसासाठी, या प्रश्नाचे उत्तर दर पिढीत बदलत गेले. वापरातल्या बहुतेक अडचणी त्या बदलातून आल्या आहेत.

सुरुवातीला हे उत्तर निःसंदिग्ध होते. अमेरिकेतील एका मोठ्या मोटार कंपनीच्या ट्रान्समिशन विभागाने १९६८ मध्ये रिले पॅनेलला (विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या तारजोडणीला) पर्याय मागितला आणि त्यातून मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. प्रोग्रॅमसाठी लॅडर (शिडीसारखी दिसणारी आरेखाची भाषा) निवडला गेला, कारण रिलेचे आरेख कारखान्यातील इलेक्ट्रिशियनला आधीच वाचता येत होते. त्या निवडीतला एक घोळ मात्र अजून निस्तरलेला नाही. स्टॉपचे बटण सुरक्षिततेसाठी एनसी (न दाबता वीज वाहू देणारे) जोडलेले असते, म्हणून ते दाबलेले नसताना इनपुटला वीज मिळत राहते. परिणामी लॅडरमध्ये त्याच बटणासाठी एनओ (एरवी उघडा) संपर्क काढावा लागतो. वायरिंगचा कागद आणि पडद्यावरचा लॅडर शेजारी धरले, तर एकच बटण दोन ठिकाणी उलटे दिसते. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाची पहिली ठेच बहुधा इथेच लागते.

१९८० च्या दशकात प्रोग्रॅमिंगसाठी स्वतंत्र यंत्रे असत: एक तर सुटकेसएवढा टर्मिनल, नाही तर दोन-चार ओळींचा पडदा असलेला हातातला प्रोग्रॅमर, ज्यात एकेक सूचना कळा दाबून भरायची. पुढे डॉसवर चालणारी सॉफ्टवेअर आली. सीमेन्सच्या स्टेप ५ मध्ये सारे काम फंक्शन कळांवर चाले आणि प्रत्येक पडद्यावर त्याच कळांचा अर्थ बदले. शिकायला ते कष्टाचे होते, परंतु एकदा हात बसला की लॅपटॉप सुरू करून कंट्रोलरशी ऑनलाइन जाण्यास फार वेळ लागत नसे. याच काळात परवाना फ्लॉपीवर येऊ लागला. तो फ्लॉपीवरून हार्डडिस्कवर हलवायचा, लॅपटॉप बदलताना आठवणीने परत फ्लॉपीवर घ्यायचा, आणि मध्येच डिस्क खराब झाली तर परवानाही गेला, असा तो व्यवहार होता. चोरी रोखण्याच्या या उपायाचा जाच प्रामाणिक ग्राहकालाच अधिक झाला, असे म्हणण्यास जागा आहे.

मात्र वापराच्या दृष्टीने त्या काळातील सर्वांत दूरगामी निर्णय ठरला तो नावे आणि टिप्पण्या कोठे ठेवायच्या याविषयीचा. बहुतेक उत्पादकांनी कंट्रोलरमध्ये फक्त चालू शकणारा प्रोग्रॅम ठेवला. इनपुट-आउटपुटांची नावे आणि ओळींवरची स्पष्टीकरणे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या संगणकातील फाइलमध्येच राहिली. ती फाइल हाताशी असेतोवर फरक जाणवत नसे. नसली, की कंट्रोलरमधून अपलोड केलेल्या प्रोग्रॅममध्ये उरत असे तो पत्त्यांचा (स्मृतीतील जागांच्या क्रमांकांचा) सांगाडा. बी ३:२/५ हा बिट चालू झाला की टी ४:७ हा टायमर सुरू होतो, एवढे वाचता येई. पण तो बिट क्लॅम्पचा की कूलंट पंपाचा, हे कळायला तारा धरून शोधत जावे लागे. सीमेन्सच्या विंडोजवरील स्टेप ७ मध्येही सीपीयूमधून परत घेतलेल्या ब्लॉकमध्ये (प्रोग्रॅमच्या तुकड्यामध्ये) प्रोग्रॅमरने दिलेली नावे पुसली जात आणि त्यांच्या जागी टेम्प ०, टेम्प १ अशी यांत्रिक नावे व एम ००१ सारखी लेबले येत. अर्थपूर्ण नाव देण्याचे सारे श्रम फाइल हरवताच वाया जात.

याचे समर्थन स्मृतीच्या (मेमरीच्या) किमतीवर केले जाई आणि त्यात तथ्य होते. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत टिप्पण्या कंट्रोलरमध्ये ठेवण्याची सोय होती, पण ५० टिप्पण्यांच्या एका गटासाठी प्रोग्रॅमच्या जागेतून ५०० स्टेप्स (प्रोग्रॅमची जागा मोजण्याचे एकक) द्याव्या लागत. एफएक्स २एनची अंगभूत क्षमता ८००० स्टेप्स होती, हे लक्षात घेता लोक ती सोय का टाळत हे उघड आहे. परंतु स्मृती स्वस्त झाल्यानंतरही ही पद्धत वर्षानुवर्षे टिकली, याचा खुलासा केवळ तंत्रात सापडत नाही. टिप्पण्यांची फाइल यंत्र बनवणाऱ्याकडे असली, की दुरुस्तीसाठी ग्राहकाला त्याच्याकडेच जावे लागते. यंत्र बनवणाऱ्यांची बाजू अशी, की प्रोग्रॅम ही त्यांची कमाई आहे आणि अर्धवट जाणकाराने त्यात हात घातला तर अपघाताची जबाबदारी त्यांच्यावर येते. ही भीती निराधार नाही. तरीही ब्लॉकला पासवर्ड लावून तेवढाच भाग झाकण्याची सोय असताना साऱ्या नावांवर बोळा फिरवण्याचे कारण उरत नव्हते. २०१० नंतरच्या दशकात मोठ्या उत्पादकांनी संपूर्ण प्रकल्प टिप्पण्यांसह कंट्रोलरमध्ये किंवा त्याच्या मेमरी कार्डवर ठेवण्याची सोय दिली. तोवर ज्या पॅनेलमध्ये जुने कंट्रोलर बसले होते, ते बव्हंशी तसेच चालू आहेत.

१९९३ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने, म्हणजे आजच्या ६११३१-३ ने, प्रोग्रॅमिंगच्या भाषांना एक चौकट दिली, तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस पत्त्यांऐवजी थेट टॅग (अर्थपूर्ण नावे) वापरणारे कंट्रोलर आले. आखणी करणाऱ्याला दोन्हींचा मोठा फायदा झाला. २०१३ च्या आवृत्तीत वर्ग आणि वारसा यांसारख्या ऑब्जेक्ट-आधारित संकल्पना मानकात आल्या, त्या तर उघडच सॉफ्टवेअर अभियंत्याच्या सोयीच्या होत्या. बंद पडलेल्या लाइनवर लॅडरची एक ओळ पाहून सेन्सर गेला की व्हॉल्व्ह अडकला हे ओळखणाऱ्या माणसाला मात्र आता तीच गोष्ट एकात एक गुंफलेल्या ब्लॉकमध्ये चार थर खाली जाऊन शोधावी लागते.

हार्डवेअर, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण), एचएमआय (यंत्रचालकासमोरचा पडदा) आणि प्रोग्रॅम एकाच चौकटीत आणणारी सॉफ्टवेअर २०१० च्या सुमारास आली. सीमेन्सचे टीआयए पोर्टल हे त्यांतील ठळक उदाहरण. एकच टॅग सगळीकडे वापरता येऊ लागला, हा लाभ निर्विवाद आहे. त्याची किंमत आवृत्त्यांच्या बंधनात मोजावी लागली. नव्या आवृत्तीत रूपांतरित केलेला प्रकल्प जुन्या आवृत्तीत उघडत नाही. कंट्रोलरच्या काही घराण्यांत तर त्यांच्या फर्मवेअरशी (आत बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरशी) जुळणारी आवृत्तीच लागते, त्यामुळे एका लॅपटॉपवर पाच-सहा आवृत्त्या नांदतात. चाकण असो वा वाळूज, मेन्टेनन्सच्या कपाटात विंडोज एक्सपीचा एखादा लॅपटॉप आणि सिरीयल पोर्टची केबल जपून ठेवलेली असते ती याचसाठी.

२०१० मध्येच उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक-प्रोग्रॅमने या सॉफ्टवेअरकडे पाहण्याची दृष्टी बदलली. त्याने स्टेप ७ ची कंट्रोलरशी बोलणारी फाइलच बदलली होती, त्यामुळे कंट्रोलरमध्ये घुसवलेले ब्लॉक अभियंत्याला पडद्यावर दिसतच नसत. त्यानंतर पासवर्ड, प्रमाणपत्रे आणि कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) संपर्क यांची भर पडत गेली. ही भर आवश्यकच होती, परंतु नोकरी सोडून गेलेल्या माणसाने लावलेला पासवर्ड ही आता फ्लॉपीतल्या परवान्याइतकीच परिचित अडचण झाली आहे.

प्रकल्पाची देवाणघेवाण करण्यासाठी एक्सएमएलवर आधारलेले मानक, ६११३१-१०, हे २०१९ मध्ये आले. त्यातून प्रोग्रॅमचा मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येतो; पण प्रत्येक उत्पादकाची हार्डवेअरची मांडणी, नेटवर्कची जुळणी आणि त्याचे खास फंक्शन ब्लॉक पुन्हा हाताने बसवावे लागतात. एका घराण्याचा कंट्रोलर काढून दुसऱ्याचा बसवताना सर्वाधिक वेळ अजूनही याच कामात जातो.