पार्श्वभूमी : नागपुरातली रोख्यांची फौजदारी आणि ‘ठेव’ या शब्दाचा गुंता

नागपुरात रोखे-गुन्ह्यांची वकिली आली ती सहकारी बँकेच्या दारातून. १९९२ च्या हर्षद मेहता रोखे घोटाळ्यानंतर मुंबईत विशेष न्यायालय आले, शेअर बाजाराचा नियामक सेबी याचा कायदा आला. पण ते खटले तिकडेच चालले आणि इथल्या वकिलांसाठी हा विषय वर्तमानपत्रापुरता राहिला. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने घेतलेले सरकारी रोखे हाती आलेच नाहीत असे उघड झाले, तेव्हा तो सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे इथल्या कोर्टांच्या परिसरात उतरला. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकांचीही तीच गत होती.

तो व्यवहार नीट पाहण्याजोगा आहे. पैसे दलालाला लगेच, बदल्यात हातात फक्त कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौदा झाल्याचा दलालाचा कागद. रोखा बँकेचा झाला हे ठरते तो प्रत्यक्ष ताब्यात आला किंवा रिझर्व्ह बँकेकडच्या एसजीएल पद्धतीच्या (कागदाऐवजी रोख्याची नोंद ठेवणाऱ्या) खात्यात बँकेच्या नावे जमा झाला की मग. पैसा आज आणि रोखा पुढे कधीतरी, एवढी फट दलालाला तोच पैसा फिरवायला पुरते. ताळेबंदात मात्र ‘गुंतवणूक’ ऐटीत उभी असते. लेखापरीक्षकाने रोख्याचा तपशील मागितला की पंचाईत. २००२ मध्येच सहकारी बँकांना कागदी रोखे सोडून खात्यातल्या नोंदीवर यावे लागले.

बचावासाठी यातला कळीचा प्रश्न असा: दलाल स्वतः विकणारा होता की बँकेचा एजंट? स्वतः विकणारा असेल तर मिळालेला पैसा त्याचा झाला, न दिलेल्या मालाचा वाद दिवाणी. एजंट असेल तर पैसा विश्वासाने सोपवलेला, म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम ४०९. त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट नोटवरच्या छापील अटी दोन-दोनदा वाचाव्या लागतात. नागपूरच्या बँकेच्या खटल्याचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला: मुख्य आरोपीला ५ वर्षे सक्तमजुरी. गुन्ह्यापासून निकालापर्यंत २१ वर्षे, म्हणजे एका वकिलाची अर्धी कारकीर्द.

दरम्यान काम दुसऱ्याच बाजूने वाढले. २०१३-१४ मध्ये नागपुरातल्या दोन मोठ्या गुंतवणूक कंपन्या एकामागोमाग कोसळल्या आणि ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्य कायदा, म्हणजेच एमपीआयडी, फौजदारी बाजूच्या रोजच्या वापरात आला. खरे तर या कायद्याच्या वैधतेवरच मधली काही वर्षे प्रश्नचिन्ह होते. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. २०११ मध्ये तमिळनाडूचा तसाच कायदा वैध धरताना सर्वोच्च न्यायालयाने ते मत अमान्य केले आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्राचा कायदाही उचलून धरला.

सगळी मारामारी आहे ती एमपीआयडीच्या कलम २(क) मधल्या ‘ठेव’ या शब्दावर. बोलीत ठेव म्हणजे बँकेतली मुदतठेव. कायद्यात मात्र मुदतीनंतर ‘किंवा अन्यथा’ परत करायची कोणतीही रक्कम, किंवा मौल्यवान वस्तूसुद्धा; परतफेड रोखीत, वस्तूत किंवा ठरलेल्या सेवेत; व्याज असो वा नसो. अशा कंपन्यांच्या कागदांवर ‘ठेव’ हा शब्द बहुधा शोधूनही सापडत नाही. हातउसने, भागीदारी, पोर्टफोलिओ, आगाऊ रक्कम असे काहीबाही असते, कारण व्याख्येला अपवाद आहेत: भागीदाराचे भांडवल, मालाच्या ऑर्डरपोटी आगाऊ रक्कम, नियामकाच्या नियमांखाली उभे केलेले भागभांडवल व कर्जरोखे. बचावाचा पहिला युक्तिवाद बहुतेकदा यातलाच एखादा अपवाद असतो.

इथे नवखा वकील हमखास फसतो. ‘ही ठेव नव्हे, ही तर सामूहिक गुंतवणूक योजना’ असे म्हणून तो अशिलाला आगीतून फुफाट्यात टाकतो. एमपीआयडीत कैद कमाल ६ वर्षे. अशी योजना मात्र सेबीच्या कक्षेत येते आणि सेबी कायद्याच्या कलम २४ खाली कमाल १० वर्षे आणि २५ कोटींपर्यंत दंड, शिवाय नोंदणी नसलेली योजना हाच गुन्हा. या युक्तिवादात अर्थ एवढाच की कलम २६ नुसार न्यायालयाला दखल फक्त नियामकाच्या तक्रारीवर घेता येते. पोलिसांच्या दोषारोपपत्रावर कलम २४ चा खटला उभा राहत नाही. ती तक्रार येणारच नाही, अशी खात्री असणाऱ्यानेच ही वाट धरावी.

२०१९ मध्ये उच्च न्यायालयाने वस्तूंच्या एका व्यापारमंचाला या व्याख्येबाहेर काढले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायद्याच्या शब्दांपुरते ते बरोबरच आहे. पण वाचन इतके रुंद झाले, की अपवाद सिद्ध करायची जबाबदारी आता जवळजवळ आरोपीच्याच गळ्यात पडते. इथून पुढे ‘परत द्यायचे ठरले होते का’ या एका मुद्द्यावर प्रकरण हरते किंवा तगते.

जप्तीचा वेग खटल्याच्या कितीतरी पुढे असतो. एमपीआयडीच्या कलम ४ ची जप्तीची अधिसूचना निघाली की कंपनीबरोबर संचालकांची खासगी मालमत्ताही सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते. त्याने ३० दिवसांत याच कायद्याखालच्या विशेष न्यायालयात जप्ती कायम करण्यासाठी अर्ज करायचा असतो. ज्याने संचालकाकडून फ्लॅट घेतला पण विक्रीखत नोंदवले नाही, त्याची हरकत इथेच लंगडी पडते. विशेष न्यायालयाच्या आदेशावर उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस.

जामिनाचे गणित कलमांच्या निवडीत दडलेले असते, कारण दोषारोपपत्र मुदतीत आले नाही तर आरोपीला जामीन मागता येतो. एमपीआयडी आणि ४२० एवढेच असेल तर दोषारोपपत्राला ६० दिवस; ४०९ जोडले, की जन्मठेपेची शक्यता येते आणि मुदत ९० होते. त्यामुळे पहिल्या रिमांडलाच ४०९ लागते का, हे भांडावे लागते. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आकडे बदलले. ४०९ चे आता ३१६(५) झाले, हिशेब तोच.

सगळ्यात जास्त बिघाड जबाबांत होतो. पोलिसांसमोरच्या जबाबावर सही नसते. नियामकापुढे शपथेवर दिलेल्या जबाबावर मात्र सही असते आणि सेबी कायद्याच्या कलम ११क नुसार तो देणाऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येतो. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ५० खालचा जबाबही सहीचाच. एकच माणूस तिन्ही ठिकाणी जातो, आणि ‘रक्कम कोणाच्या सांगण्यावरून वळवली’ याची तीन उत्तरे देऊन येतो. अनुभवी वकील समन्स हाती पडताच आधीच्या सगळ्या जबाबांच्या प्रती गोळा करतो. नियामकाने तपास अहवालाचा संबंधित भाग नोटीस दिलेल्याला दाखवला पाहिजे, हे फेब्रुवारी २०२२ च्या निकालापासून पक्के झाले. तो लेखी मागावा.

सरकारतर्फे काम केलेले अनेक जण पुढे बचावाकडे येतात. मात्र ज्या प्रकरणात सरकारची बाजू मांडली, त्यातच आरोपीचे वकीलपत्र घेता येत नाही. नियामकाकडचे काम तारखांवर चालते: कारणे दाखवा नोटिशीला उत्तरासाठी किमान १४ दिवस, तडजोडीच्या अर्जाला नोटीस मिळाल्यापासून ६० दिवस, अपिलाला आदेश मिळाल्यापासून ४५ दिवस. फौजदारी बाजूच्या वकिलाला ‘पुढची तारीख’ मागायची सवय असते. ती इथे चालत नाही, आणि ६० दिवस उलटून गेल्यावर तडजोडीचा विचार करणारे अशील रामदासपेठेतल्या सीएकडून फाइल घेऊन येतात, तेव्हा अपिलाच्या ४५ दिवसांतले किती उरलेत, तेवढेच मोजायचे राहते.