रिपीटरचा पाटकरी

धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरात आणि दूरदर्शनच्या काळात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना हा आरडाओरडा आठवत असेल. थोरला भाऊ धाब्यावर, अँटेनाच्या पाइपाला मिठी मारून उभा: "आते दिसस का?" आणि खालून आई: "मुंग्याच दिसतस!" पाइप वीतभर फिरला की चित्र यायचं, सोडला की जायचं. माशाच्या काट्यासारखा तो सांगाडा म्हणजे यागी-उदा अँटेना. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी 1926 मध्ये तो जगापुढे मांडला. बरंचसं काम उदांचं, पण नाव राहिलं यागींचं.

आज तोच काटा मी हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनासाठी वापरतो. (या छंदाला सरकारी परीक्षा आणि परवाना लागतो, वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षेला बसता येतं.) हातातल्या सेटची ताकद साधारण 5 वॅट. सपाटीवर माणसामाणसांत पाच-सात किलोमीटरवर तो दम टाकतो, कारण 145 मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास नजरेसारख्या सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच, त्याच क्षणी, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्यानं बोलतो. दोन्हींत अंतर फक्त 600 किलोहर्ट्झ. म्हणजे स्वतः ओरडत असताना शेजारची कुजबुज ऐकायची. त्यासाठी धातूची मोठी नळकांडी गाळणीसारखी मधे बसवावी लागतात, आणि रिपीटरच्या खर्चातला मोठा वाटा तीच खातात.

खानदेशाची रचना अशा कामाला फार सोयीची आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, मधे तापीचं लांबट खोरं. समजा, सातपुड्यातल्या तोरणमाळच्या कड्यावर रिपीटर बसवला. तिथली उंची समुद्रसपाटीपासून साधारण 1150 मीटर, खालचं शहादं त्याहून हजारेक मीटर खाली. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून 4.12 नं गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. हजार मीटरसाठी ते येतं 130. धुळं सरळ रेषेत 110 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आवाक्यात. जळगाव दीडशेच्या घरात, म्हणजे तिथल्या माणसाला गच्चीवर खांब उभारावा लागेल.

इथपर्यंत सगळे खूश असतात. मग एखादा नवखा तक्रार करतो, "मला रिपीटर ऐकू येतो, पण मी त्याला ऐकू जात नाही. वॅट वाढवा की!" ही सूचना दरवेळी येते आणि दरवेळी चुकीची असते. रिपीटर 50 वॅटनं बोलतो, तुम्ही 5 वॅटनं. तो आधीच दहापट मोठ्यानं बोलतोय. त्याचा घसा आणखी वाढवून तुमचा आवाज वर कसा पोचणार? तोंड मोठं आणि कान लहान असलेला रिपीटर काही कामाचा नसतो. अँटेना सुधारला तर मात्र दोन्ही बाजूंनी फायदा होतो, कारण जो अँटेना एका दिशेला जोरात बोलतो तो त्याच दिशेचं तितकंच चांगलं ऐकतो.

पण अँटेना ताकद निर्माण करत नाही, आणि इथेच मला धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची फड बागायत आठवते (फड म्हणजे एकत्र पाणी घेणाऱ्या शेतांचा पट्टा). नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि कुठल्या फडाला कधी पाणी द्यायचं ते सांभाळणारा पाटकरी. तो एका फडाकडे पाणी वळवतो तेव्हा दुसरा फड कोरडा असतो. दिशादर्शी अँटेना हा असाच पाटकरी आहे. यागीत मधल्या दांडीला तार जोडलेली असते. मागची दांडी तिच्याहून किंचित लांब, पुढची किंचित आखूड. या दोघींना वायर नसते, पण मधलीच्या लहरींनी त्यांच्यातही प्रवाह उठतो आणि त्याही लहरी सोडू लागतात. लांबी आणि अंतर असं बेतलेलं असतं की पुढे या लहरी एकमेकींत मिळतात आणि मागे एकमेकींना खोडतात. पुढे वाढलेलं सगळं मागून आणि बाजूंनी काढून घेतलेलं असतं.

हे करून बघायला फार पैसे लागत नाहीत. जळगावकडे पीव्हीसी पाइप शोधत फिरावं लागत नाही, ठिबकवाल्या शेतकऱ्याच्या खळ्यातच तुकडे पडलेले असतात. त्यावर पोलादी मोजपट्टीचे मीटरभराच्या आसपासचे तीन तुकडे बसवले की झाला तीन दांड्यांचा यागी. सेटच्या रबरी आखूड अँटेनापेक्षा पुढच्या दिशेला फरक दहापटीच्या घरात जातो. पहिल्या दिवशी मी तो दूरदर्शनच्या सवयीनं आडवा धरला. गिरणा नदीपलीकडे उभा असलेला मित्र खरखरीत बुडून गेला. अँटेना वाईट बनला म्हणून मी अर्धा तास जोडण्या तपासत बसलो. मग पट्ट्या उभ्या केल्या आणि तो शेजारी उभा राहून बोलावा तसा आला. रिपीटर आणि सेट उभ्या ध्रुवणावर चालतात, म्हणजे त्यांच्या लहरी उभ्या झुलतात; आडव्याला उभं ऐकवलं तर हिशेबानं शंभरावा हिस्सा किंवा त्याहून कमी उरतो.

आता पुन्हा तोरणमाळला. तिथं सगळीकडे सारखा पसरणारा उभा अँटेना लावला तर त्याची बरीच ताकद उत्तरेच्या डोंगरांवर आपटून वाया जाते. म्हणून यागी लावून आग्नेयेला, धुळं-जळगावकडे वळवावा, असं कुणालाही वाटेल. धुळ्याचा माणूस खूश होईल. पण पश्चिमेला, पंचवीसेक किलोमीटरवर डोंगरांत धडगाव आहे. तिथं आधीच मधे कडे आहेत. लहर कड्याला नुसती घासून गेली तरी तिची ताकद चौथाईवर येते, आणि दरीत खोल उतरावं तशी आणखी घटते. त्यावर आपण पाटही बंद केला, तर मोबाइलची रेंज जिथं तोकडी तिथंच रेडिओही मुका. दोन यागी लावून ताकद वाटता येते, पण मग प्रत्येकाला निम्मीच.

माझं मत विचाराल तर रिपीटरवरचा अँटेना सगळीकडे सारखा पसरणाराच असू द्यावा. फार तर अँटेनाचा खांब कड्याच्या टोकाशी न्यावा, नाहीतर पठाराचीच सावली पायथ्याच्या गावांवर पडते. दिशा वापरणाऱ्यानं निवडावी. धडगावकडच्या एखाद्या पाड्यावर दाराआड मोजपट्टीचा यागी टांगलेला असावा. गरज पडली की बाहेर आणायचा, पट्ट्या उभ्या ठेवून डोंगराकडे धरायचा आणि आवाज स्वच्छ येईपर्यंत हळूहळू फिरवायचा. समोरचा कडा आड येत असेल तर शेजारच्या उघड्या कातळाकडेही रोखून बघावं. तिथून उसळून आलेली लहर कधीकधी सरळ वाटेपेक्षा बरी निघते.