तिसरं भोक म्हणजे अर्थिंग नव्हे

जुन्या घरात दोन पिनी सॉकेट काढून तिथे तीन पिनी बसवला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी, वायरच नसेल, तर पत्र्याचं उपकरण निर्धास्तपणे लावायला आपण फक्त जागा करून दिलेली असते.

याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीवरून, अर्थच्या पिनेला वायरचा तुकडा जोडून लूप मारणं. तपासणीचा प्लग लावला तर दिवे बरोबर लागतात. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली, की उपकरणातून आलेला करंट लुपातून थेट बॉडीवर चढतो आणि वॉशिंग मशीनचा पत्रा 230 व्होल्टवर येतो. असा लूप दिसला तर आधी तो काढा.

मातीत एक रॉड ठोकून त्याला वायर जोडणं हाही अर्धवट उपाय आहे. रॉडचा रोध 20 ओहम असेल, तर फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, उपकरणाच्या बॉडीला चिकटल्यावर करंट वाहील 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप बंद होणारा स्विच, त्यावर पडणारच नाही आणि उपकरणाच्या पत्र्यात वीज तशीच राहील. एमसीबी वायरिंगचं रक्षण करतो, माणसाचं नाही. माणसाच्या अंगाचा रोध 1000 ओहम धरला तर 230 मिलीअँपिअर वाहतात. एमसीबीच्या लेखी तो पन्नासेक वॉटचा बल्ब, हृदयाला मात्र तेवढा करंट पुरेसा घातक.

माणसाला वाचवण्याचं काम 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचं, म्हणजे गळती पकडून वीज तोडणाऱ्या स्विचचं. त्यात चुंबकीय पदार्थाची एक कडी असते आणि तिच्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी जातात. गेला तेवढाच करंट परत आला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि कडीत काहीच उरत नाही. काही करंट अंगातून जमिनीत गेला, की परतीला तेवढा कमी पडतो. क्षेत्र उरतं, दर अर्ध्या आवर्तनाला दिशा बदलतं, कडीवरच्या तिसऱ्या कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं आणि रिले खटका सोडतो. 150 मिलीअँपिअरच्या वर हे 40 मिलीसेकंदांच्या आत घडतं. या सगळ्या हिशेबात अर्थची वायर कुठेच येत नाही, म्हणून अर्थिंग नसलेल्या सॉकेटवरही आरसीसीबी काम करतो. फरक इतकाच, की अर्थ असेल तर बिघाड होताक्षणी तो पडतो. नसेल तर कुणी हात लावल्यावर, म्हणजे झटका जाणवतो, पण क्षणभरच. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली तर मात्र तो वाचवत नाही, कारण गळतीच नसते. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. ते अर्थशिवायही चालतं, कारण आतल्या रोधातून थोडा करंट कडीला वळसा घालून जातो.

बसवल्याबरोबर आरसीसीबी पडू लागला, तर बहुधा दोष त्याचा नसतो. जुन्या घरात एका खोलीची न्यूट्रल दुसरीकडून उसनी घेतलेली असते. आरसीसीबीतून गेलेल्या फेजची न्यूट्रल त्याच आरसीसीबीतून परत यायला हवी. ओलसर भिंत आणि तडे गेलेलं इन्सुलेशन ही दुसरी कारणं. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकतो, आणि बऱ्याच उपकरणांची बारीक गळती एकत्र होते. इलेक्ट्रॉनिक उपकरणं जास्त असतील तर 'ए' प्रकारचा घ्या. 'एसी' प्रकार सलग एकाच दिशेने ठोके देणारी गळती पकडेलच असं नाही.

अर्थिंग नसताना कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, त्या त्याच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे, आणि आरसीसीबीने त्या जात नाहीत. स्पाइक गार्डचं अर्थकडे वळणारं संरक्षणही अर्थिंगशिवाय निकामी असतं, पाकिटावर काहीही छापलेलं असलं तरी. आणि रबरी चप्पल घातली की शॉक लागत नाही, यावर विसंबू नका: दुसरा हात नळावर असेल तर करंट पायांकडे जातच नाही.

सगळं वायरिंग एकदम बदलणं जमत नसेल, तर डीबीमध्ये, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या बोर्डात, आरसीसीबी बसवा आणि गिझर, वॉशिंग मशीन आणि फ्रिजच्या सॉकेटपर्यंत डीबीपासून 2.5 चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी तांब्याची वायर आधी ओढून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनकडून, मेन स्विच बंद करूनच करवून घ्या. नंतर मल्टिमीटरवर फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल यांचे व्होल्टेज जवळपास सारखे यायला हवेत. दोन्ही बरोबर आणि न्यूट्रल-अर्थ मात्र लोड चालू असतानाही अगदी शून्य दिसत असेल, तर सॉकेट उघडून मागचा लूप शोधा.