समुद्रावरील धूरखुणेला पाणी पेटवत नाही
जागा दाखवण्यासाठी विमानातून समुद्रात टाकलेल्या धूरखुणेतील (तरंगत धूर सोडणाऱ्या साधनातील) फॉस्फरस पाणी लागताच पेट घेतो, हा जुना समज चुकीचा आहे. अमेरिकी नौदलाच्या मार्क ५८ या खुणेत तांबडा फॉस्फरस असतो, आणि तो पाण्याने पेटत नाही. खारे पाणी आत शिरल्यावर तेथील छोटी बॅटरी वीज निर्माण करते, त्या विजेने प्रज्वलक पेटतो, त्यातून मुख्य मिश्रण जळू लागते आणि ४० ते ६० मिनिटे ज्योत व पांढरा धूर दिसत राहतो. हवेत आपोआप पेटणारा पांढरा फॉस्फरससुद्धा पाण्याखालीच साठवतात, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. समजाचे मूळ बहुधा होम्स दिव्यात, म्हणजे समुद्रावर वापरल्या जाणाऱ्या जुन्या संकेतदिव्यात, असावे; त्यातील कॅल्शियम फॉस्फाइडची पाण्याशी अभिक्रिया होऊन निघणारा वायू हवेत आपोआप पेटत असे.