मोडतोडीचे जाहीर प्रयोग : पार्श्वभूमी

विध्वंस पाहायला गर्दी जमणे ही युद्धोत्तर काळाची देणगी नव्हे. १८९६ मध्ये टेक्सासात दोन आगगाड्यांची मुद्दाम घडवलेली टक्कर पाहायला हजारो लोक लोटले होते आणि बॉयलर फुटल्याने त्यांतल्या काहींचा जीवही गेला. १९४५ नंतर मात्र कलेतील मोडतोडीमागे छळछावण्या आणि अणुबॉम्ब उभे होते. त्यातही नेवाडाच्या वाळवंटातील अणुचाचण्यांचे ढग लास वेगासला येणारे पर्यटक हौसेने पाहत असत, त्यामुळे संहाराची करमणूक करण्यात कलावंतांनी पुढाकार घेतला असे म्हणता येत नाही.

लंडनमध्ये १९५९ साली स्वतःचाच नाश करणाऱ्या कलेचा जाहीरनामा ज्याने काढला, त्या निर्वासित कलावंताचे आईवडील नाझी राजवटीत बळी पडले होते. जुलै १९६१ मध्ये त्याने टेम्सच्या दक्षिण काठावर ताणून बसवलेल्या नायलॉनवर आम्ल फवारले, तेव्हा कापड विरत जाऊन पलीकडचे शहर दिसू लागले. त्याआधी मार्च १९६० मध्ये न्यूयॉर्कमधील एका संग्रहालयाच्या बागेत एका स्विस शिल्पकाराचे यंत्र जवळजवळ अर्धा तास स्वतःला मोडत राहिले आणि शेवटी आग विझवावी लागली. हे दोन्ही प्रयोग एकाच दमात सांगितले जातात, परंतु न्यूयॉर्कच्या प्रयोगात खेळकरपणा होता, तर लंडनच्या प्रयोगात अण्वस्त्रांचा उघड निषेध होता.

सप्टेंबर १९६६ मध्ये त्याच निर्वासित कलावंताच्या पुढाकाराने लंडनमध्ये कलेतील विध्वंसावर परिसंवाद भरला. त्याच्या निमित्ताने पियानो कुऱ्हाडीने फोडले गेले, पुस्तकांचे मनोरे जाळले गेले. खटला मात्र भरला गेला तो एका व्हिएन्नावासी कलावंताच्या प्रयोगावरून, ज्यात कोकराच्या कलेवरासोबत पुरुषाच्या जननेंद्रियाची चित्रफीत दाखवली होती. १९६७ मध्ये संयोजकांवर अश्लील प्रदर्शनाचा आरोप ठेवण्यात आला आणि मुख्य संयोजकाला १०० पौंड दंड झाला. या निर्णयाकडे बहुतेक वेळा सेन्सॉरशिपचे उदाहरण म्हणून पाहिले जाते आणि ते चुकीचे नाही. तरीही त्यातील अधिक बोलकी गोष्ट वेगळीच आहे: ज्या विध्वंसासाठी परिसंवाद भरला होता, त्यावर खटला भरावा असे कोणाला वाटले नाही. नग्नतेने कायदा जागा झाला. पियानो फुटण्याकडे त्याने दुर्लक्ष केले, आणि बाजाराला तेवढी मोकळीक पुरेशी होती.

१९६७ च्याच जूनमध्ये कॅलिफोर्नियातील एका संगीत महोत्सवात एका वादकाने पेटवलेली गिटार कॅमेऱ्यांनी टिपली. त्याच मंचावर गिटार फोडणाऱ्या ब्रिटिश वादकाने कलामहाविद्यालयात शिकताना लंडनच्या त्या कलावंताचे व्याख्यान ऐकले होते आणि पुढे त्याचे ऋणही मान्य केले. मात्र या वादकाच्या हातून पहिली गिटार १९६४ मध्ये हॅरो येथील एका पबच्या ठेंगण्या छताला लागून अपघातानेच मोडली होती, हा तपशील सोयीस्करपणे गाळला जातो. यथावकाश गिटार फोडणे हा कार्यक्रमाचा अपेक्षित भाग झाला. १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या गेल्या, त्यानंतर जमाव मैदानात घुसला आणि त्या दिवशीचा दुसरा सामना खेळवता आला नाही. त्या प्रसंगात निषेध होता, पण कृष्णवर्णीय आणि समलिंगी श्रोत्यांच्या संगीताविरुद्धचा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे १० लाख पौंडांना विकले गेलेले चित्र हातोडा पडताच चौकटीत दडवलेल्या यंत्रातून अर्धे कापले गेले. खरेदीदाराने व्यवहार मोडला नाही, आणि चित्राला नवे नाव मिळाले. २०२१ मध्ये तेच चित्र त्याच लिलावगृहात १ कोटी ८५ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. या वेळी यंत्र सुरू झाले नाही.