कंपोझर : वेबपानाचा दृश्य संपादक

कंपोझर : वेबपान तयार करण्याचा, नवशिक्यांसाठी सोयीचा दृश्य संपादक. पान ब्राउझरमध्ये जसे दिसणार, साधारण तसेच ते समोर ठेवून त्यात मजकूर, चित्रे आणि दुवे घालता येतात. त्यामागचे एचटीएमएल टॅग, म्हणजे मथळा, परिच्छेद, ठळक अक्षरे असे पानाचे भाग ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा, संपादक स्वतः लिहितो. नेटस्केप कंपनीने १९९७ मध्ये कम्युनिकेटर या संचात ब्राउझर आणि ईमेलसोबत तो दिला. पुढे मोझिला, एनव्ह्यू, कोम्पोझर (KompoZer) आणि सीमंकी या मुक्तस्रोत प्रकल्पांतून त्याचा वंश चालू राहिला.

वेबवर वाचणे आणि लिहिणे एकाच खिडकीत व्हावे, ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संशोधन केंद्रात नेक्स्ट संगणकावर जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पानाचे संपादनही करता येत असे. नंतर लोकप्रिय झालेल्या मोझाइकसारख्या ब्राउझरांत मात्र फक्त वाचायची सोय होती. त्यामुळे पान लिहायचे तर नोटपॅडसारख्या साध्या संपादकात टॅग हाताने टाकणे भाग पडले आणि वेबवर लिहिणारे थोडे, वाचणारे पुष्कळ अशी स्थिती आली. ही दरी भरून काढायला १९९५ नंतर बरीच साधने आली. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये व्हर्मीर टेक्नॉलॉजीज विकत घेऊन फ्रंटपेज मिळवले. मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर १९९७ च्या अखेरीस आले आणि व्यावसायिकांमध्ये रुजले. कंपोझर या दोहोंपेक्षा साधा होता आणि ब्राउझरबरोबरच मिळत असल्यामुळे वेगळे काही विकत घ्यावे लागत नसे. पहिले पान घरच्या संगणकावर करून पाहणाऱ्याला याहून सोपी सुरुवात त्या काळी क्वचितच मिळाली असती.

मोझिला आणि सीमंकीतील कंपोझरची खिडकी शब्दसंस्करण करणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल: वर साधनपट्टी, खाली कोरे पान. खालच्या कडेला चार दृश्ये असतात. पहिल्यात नेहमीचे संपादन होते, दुसऱ्यात प्रत्येक घटकापाशी त्याच्या टॅगचे नाव दिसते, तिसऱ्यात संपूर्ण एचटीएमएल उघडते आणि चौथे पूर्वदृश्य असते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने यातले तिसरे दृश्य सर्वांत मोलाचे. पहिल्या दृश्यात एक शब्द ठळक करावा आणि लगेच तिसऱ्यात जाऊन काय बदलले ते पाहावे. असे आठवडाभर केले की नेहमीचे टॅग आपोआप ओळखू येतात.

गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे एक पान करायचे आहे, असे समजू. सर्वांत आधी डिस्कवर एक फोल्डर करून त्यात पानाला लागणारी छायाचित्रे ठेवावीत आणि कोरे पानही इंडेक्स डॉट एचटीएमएल या नावाने तिथेच सेव्ह करावे. या नावाची फाइल बहुतेक सर्व्हर (पाने साठवून वाचकांना पुरवणारे संगणक) मुखपृष्ठ म्हणून आपणहून उघडतात. पहिल्यांदा सेव्ह करताना कंपोझर पानाचे शीर्षक विचारतो. हे शीर्षक पानावर दिसत नाही. ते ब्राउझरच्या खिडकीवर आणि वाचकाने जतन केलेल्या खुणेत दिसते, म्हणून ‘नवीन पान’ असे न लिहिता वाचनालयाचे नाव लिहावे.

आधी सेव्ह करण्याचे खरे कारण चित्र घालताना कळते. चित्राच्या खिडकीत त्याचा पत्ता पानाच्या जागेच्या संदर्भाने लिहिण्याची एक चौकट असते. पान सेव्ह झालेले नसेल तर ती वापरता येत नाही आणि पत्ता थेट आपल्या सी ड्राइव्हपासून लिहिला जातो. मग घरच्या संगणकावर चित्र व्यवस्थित दिसते, पण पान सर्व्हरवर गेले की इतर सर्वांना तिथे रिकामी चौकट दिसते. फाइलच्या नावातील रोमन अक्षरांचेही तसेच आहे. विंडोज लहान-मोठ्या लिपीत भेद करत नाही, लिनक्सवर चालणारे सर्व्हर करतात. म्हणून सगळी नावे लहान लिपीत आणि जागा न सोडता लिहावीत. त्याच खिडकीत चित्राचा पर्यायी मजकूरही मागितला जातो. अंध वाचकाचा स्क्रीनरीडर तोच वाचून दाखवतो, तेव्हा तो टाळू नये.

मजकुराबाबत एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. वाचनालयाचे नाव अक्षरे मोठी आणि ठळक करून लिहिले, तर ते डोळ्यांना मथळा वाटते, पण एचटीएमएलच्या लेखी तो साधा परिच्छेदच राहतो. साधनपट्टीवरील यादीतून ‘मथळा १’ निवडला तरच शोधयंत्राला आणि स्क्रीनरीडरला तो मथळा म्हणून कळतो. दृश्य संपादकाचा मोठा धोका इथेच आहे: दिसणे साधले की रचनाही साधली, असा समज होतो. वाचनालयाच्या वेळांसाठी तक्ता घालणे योग्यच. मात्र मजकूर आणि चित्र शेजारी-शेजारी बसवण्यासाठी अदृश्य तक्ते वापरायची जुनी पद्धत सोडून त्यासाठी सीएसएस, म्हणजे पानाची मांडणी आणि रूप ठरवणारी भाषा, वापरावी. वर्डमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवला तर अनावश्यक टॅगही सोबत येतात. तो साध्या मजकुराच्या रूपात चिकटवून मथळे पुन्हा लावलेले बरे.

मराठी पानांत वर्णसंकेताची, म्हणजे फाइलमध्ये अक्षरे साठवण्याच्या सांकेतिक पद्धतीची, वेगळी काळजी घ्यावी लागते. शुषा, शिवाजी अशा फॉन्टांत लिहिलेले पान तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन दिसत असे. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हा प्रश्न सोडवला, पण संपादकाचा वर्णसंकेत यूटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार असला पाहिजे. तो पाश्चात्त्य संकेतावर राहिला तर काही संपादक प्रत्येक देवनागरी अक्षर आकड्याने लिहितात; ‘म’च्या जागी २३५० हा क्रमांक येतो. ब्राउझर पान बरोबर दाखवतो, पण स्रोतात एकही मराठी शब्द वाचता येत नाही आणि पुढची दुरुस्ती जिकिरीची होते. पानाची भाषा मराठी असल्याची नोंदही करावी, म्हणजे स्क्रीनरीडर योग्य उच्चार निवडू शकतो.

पान तयार झाले की फोल्डरमधील सर्व फाइली एफटीपीने, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली पाठवण्याच्या पद्धतीने, सर्व्हरवर चढवतात.

एनव्ह्यूची १.० आवृत्ती २००५ मध्ये आली. त्याच्या आधारे निघालेल्या कोम्पोझरसह त्याचा विकास पुढे थांबला. सीमंकीत कंपोझर अजूनही मिळतो. आज नवशिक्या बहुधा ब्राउझरमध्येच चालणाऱ्या साधनांकडे वळतो: विक्स, गुगल साइट्स किंवा वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०१८ पासून आलेला ठोकळ्यांचा संपादक. त्यांत एफटीपीची कटकट नाही आणि मोबाइलवरही पान नीट दिसते. मोबाइलच्या बाबतीत कंपोझरची मोठी अडचण होते. मात्र विक्ससारख्या सेवेवर रचलेले पान त्या सेवेपुरतेच राहते, तसेच्या तसे उचलून दुसरीकडे नेता येत नाही. लाखो घरगुती पाने सांभाळणारी जिओसिटीज ही सेवा याहूने २००९ मध्ये अमेरिकेत बंद केली, तेव्हा ज्यांच्याजवळ आपल्या फाइलींची प्रत होती त्यांना ती दुसऱ्या सर्व्हरवर चढवता आली.