चिमणी उंच म्हणून हवा स्वच्छ?

कोल्हापुरात कट्ट्यावर कोळशाच्या वीजप्रकल्पांचा विषय निघाला की एकजण हमखास सांगतो, "भावा, चिमणी पावणेतीनशे मीटरची हाय, वर राख पकडायचं यंत्र हाय. ॲसिड-बिसिड काय न्हाई." उंची खरी, यंत्रही खरं. निष्कर्ष तेवढा चुकीचा.

ते यंत्र राखेचे कण विजेच्या भाराने पत्र्यांवर ओढून घेतं. कोळशातल्या गंधकाचा मात्र जळताना सल्फर डायऑक्साइड होतो. तो वायू, त्यामुळे सरळ निसटतो. उंच चिमणी त्याला फक्त लांब पाठवते. वाटेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल आणि सल्फेटचे सूक्ष्म कण होतात.

त्याला अडवायचं तर धुरावर चुनखडीची पूड कालवलेल्या पाण्याचा फवारा लागतो. त्यातून जिप्सम तयार होतं, ते सिमेंटला चालतं. नीट चालवलं तर ९० टक्क्यांहून जास्त वायू अडतो. गंमत म्हणजे फवाऱ्यानंतर धूर उलट जास्तच पांढरा दिसतो, ती वाफ. आपल्या साखर कारखान्यांवरून ताडू नका, तिथे जळणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चिपाडात, गंधक नावापुरतं.

केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये या वायूवर मर्यादा घातली, मग मुदतवाढींचा सपाटा लावला. जुलै २०२५ मध्ये बहुतेक प्रकल्पांना त्यातून सूटच मिळाली. अट काय, तर चिमणीच्या उंचीचे निकष पाळा!